पस्तीस पूर्ण

माल्टाच्या बंदरावर होडीतून उतरला तेव्हा सोमालियाचा गुलेद पंधरा वर्षांचा होता. आश्रय मागणाऱ्या पोरांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, असा तिथला नियम. पण चेन्सू नावाच्या अधिकाऱ्याने त्याचं मिसरूड बघितलं आणि म्हणाला, "पंधरा? मला उल्लू बनवतोस? चांगला घोडा झालायस!" कागदावर तेवीस लिहून त्याने सही ठोकली आणि पोराला बाप्यांच्या कोठडीत ढकललं. तिथले चौदा महिने गुलेद कधी विसरला नाही.

बारा वर्षांनी गावच्या जत्रेत पस्तीस पूर्ण झालेल्यांचे फुटबॉल सामने लागले. एका बाजूला गोलात पोट सावरत चेन्सू उभा होता, दुसऱ्या बाजूला बेकरीवाल्यांच्या संघात गुलेद. मध्यंतरापर्यंत त्याने सहा गोल मारले, आणि दर वेळी जाळ्यातला चेंडू उचलून स्वतः चेन्सूच्या हातात दिला.

सातव्या गोलाला चेन्सू पंचाच्या अंगावर धावून गेला. "हा पस्तिशीचा? पाय बघा त्याचे! मारियामातेची शप्पथ, सत्तावीसच्या वर एक दिवस नाही!"

अख्खं गाव ऐकत होतं. गुलेदने मोज्यातून घडी घातलेला बारा वर्षांपूर्वीचा कागद काढून पंचाला दिला. पंचाने वय वाचलं, खालची सही वाचली आणि कागद चेन्सूपुढे धरला.



"मग साहेब, तेव्हा मी पंधराचा होतो एवढं लिहून द्या," गुलेद चेन्सूला म्हणाला, "आत्ता बूट काढून बाहेर बसतो."