बारावा कोपरा

पाकिटं अकरा होती आणि कोपरे बारा. निकिताने दोनदा मोजले. पाकिटं आईच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या लुगड्यांखाली सापडली होती; कोपरे बाबांच्या चष्म्याच्या डबीत. प्रत्येक पाकिटाचा उजवा कोपरा फाडलेला. ओसरीत सतरंजीवर बसून तिने एकेक कोपरा जुळवून पाहिला. अकरा कोपरे अकरा पाकिटांना नेमके बसले. सगळे तपकिरी, हात लावला की भुगा होईल असे. बारावा मात्र पांढराशुभ्र, करकरीत होता. ती अमरावतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सवयीने तिने त्याची फाटलेली कड पट्टीवर धरली. एकोणतीस मिलिमीटर.

बाबांची, म्हणजे बबनरावांची, तेरवी परवाच झाली होती. उद्या सकाळच्या बसने निकिता आईला अमरावतीला नेणार होती आणि घराला कुलूप लागणार होतं. आईने, कोकिळाबाईंनी, अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. खाटेवर त्यांची बॅग रिकामीच पडली होती.

"आई, हे कोपरे काहून फाडले?"

कोकिळाबाई सुपात तूर निवडत होत्या. पाकिटांकडे पाहून त्या हसल्या आणि हात न थांबवता सांगू लागल्या.

सासरी पत्रांना तीनच नावं होती. कुंकवाचं बोट लावलेलं, ते लग्नाचं. साधं, ते खुशालीचं. कोपरा फाटलेला असला, की काळं, ते मरणाचं. नवऱ्याने बायकोला लिहावं, अशा पत्राला त्या घरात नावच नव्हतं. बबनराव तेव्हा वणीला कोळशाच्या खाणीत होते. त्यांचं साधं पत्र आलं, की थोरले दीर अंगणात मोठ्याने वाचायचे आणि सगळं घर हसायचं. मग बबनरावांनी युक्ती काढली. काळ्या पत्राला कोणी हात लावत नसे. ज्याच्या नावाचं, त्याने ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घेऊनच घरात यायचं. कोकिळाबाईंनी अकरा पत्रं गोठ्यामागच्या बोरीखाली अशीच वाचली. फाडलं एकही नाही. ओल्या केसांनी आत आल्या, की चुलीपाशी बसलेली सासू विचारायची, कोण गेलं? मग नाव सांगणं भाग असे. आधी ढाणकीचा मामा गेला. मग महागावची मावशी. आठव्या पत्राला सासू म्हणाली, "बाप्पा! तुह्या माहेरी माणसं उरले का नाही वं?"

निकिताला हसू आवरेना.

"पाप नाही लागलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी मारले, ते कोणी जन्मलेच नव्हते."

निकिताने पांढरा कोपरा तळहातावर ठेवून पुढे केला. "आणि हा?"

"त्याचं पत्र यायचं आहे."

त्या सहज बोलल्या, दूधवाला यायचा आहे म्हणावं तसं. निकिताने कोपरा परत सतरंजीवर ठेवला. बाबांना लकवा मारला होता. पोळ्यापासून त्यांचा उजवा हात हलला नव्हता आणि त्यांनी खाट सोडली नव्हती. पडल्या पडल्या डाव्या हाताने कसलातरी कागद फाडला असेल. आईला मात्र आता या घरात एकटं ठेवायचं नाही, हे तिने पक्कं केलं. ती उठली आणि स्वतःच बॅगेत लुगडी भरू लागली.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. पोस्टमन लखीराम एरवी ओसरीपर्यंत यायचा, पाणी प्यायचा. आज तो उतरलाच नाही. हात लांब करून त्याने पाकीट फाटकावरून धरलं.

"कोपरा फाटेल आहे, काकू. बाहेरच घ्या."

पाकीट पांढरं होतं. निकिताला पायरीवरूनच अक्षर दिसलं. मात्रा उजवीकडे झुकलेल्या, शिरोरेघ नावाच्या पुढेही ओढलेली. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दरवर्षी असलेल्या बाबांच्या सहीचंच अक्षर. 'सौ. कोकिळा' असं लिहिलं होतं.

कोकिळाबाईंनी पाकीट घेतलं आणि अनवाणीच गोठ्यामागे गेल्या. निकिता गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच पाहू लागली. बोरीखाली आई उभी होती. तिने कागद वाचला, उलटवला, मागची बाजू वाचली. मग चार घड्या घालून तो पोलक्यात ठेवला. तशीच ती न्हाणीत गेली. पाणी तापवलेलं नव्हतं. तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतल्याचा आवाज येत राहिला.

ती आत आली तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. रिकामं पाकीट तिने निकिताच्या हातात दिलं.

"कोण गेलं?" निकिताच्या तोंडून निघून गेलं.

"कोकिळा," आई म्हणाली.

मग तिने सूप मांडीवर ओढलं आणि राहिलेली तूर निवडू लागली. थोड्या वेळाने, वर न पाहता, म्हणाली, "माह्यं तिकीट काढू नको."

निकिताने पाकीट उजेडाला धरलं. शिक्का वणीचा होता, तारीख परवाची. तिने सतरंजीवरून बारावा कोपरा उचलला, पाकिटाला लावला आणि वर पट्टी ठेवली. कड एकोणतीस मिलिमीटर. फट शून्य.