सवलतीचा तंबू

"अंकुश, अरे अंकुश, हे कोणतं झाड?" नागपूरच्या बाईंनी विचारलं, आणि मागून चालणाऱ्या साधनाच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव तिनं एकदाही तोंडावाटे काढलं नव्हतं. ही बाई काल संध्याकाळी आली काय आणि सकाळपासून नावाचा जप करत सुटली काय!

"ऐन आहे, मॅडम. भर उन्हाळ्यात याच्या खोडात पानी सापडते," अंकुश म्हणाला आणि वर गोड हसला. घरी हाच माणूस जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागायचा.

साध्यासुध्या माणसांनाही दोन दिवस जंगलात राहता यावं म्हणून वनविभागानं तळ्याकाठी स्वस्तातले तंबू उभारले होते. वाटाडे गावातलेच घेतले, त्यात अंकुश लागला. तेव्हापासून तो घरात कमी आणि पाहुण्यांत जास्त. जिल्ह्यातल्या लोकांना तंबू अर्ध्या दरात मिळतो असं कळलं, तशी साधनानं सासूला सोबत घेतलं आणि सरळ चार नंबरचा तंबू गाठला. हा पाहुण्यांना असं काय देतो, जे आपल्या वाट्याला येत नाही, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. सासूबाई तंबूत पाय पसरून चहाची वाट बघत बसल्या, आणि साधना पाहुण्यांबरोबर पायवाटेला लागली.

अंकुशनं ओळखसुद्धा दाखवली नाही. "चार नंबरवाले, रांगेत चाला," एवढंच म्हणाला.

तो बोलत होता आणि तिचा जीव जळत होता. अस्वल वारूळ कसं फोडतं, मोहाचं फूल पहाटेच का गळतं, सगळं तिचंच होतं. अंकुशचं लहानपण सिमेंट कारखान्यांच्या गावात, गडचांदूरला गेलेलं. त्याला साग कुठला आणि पळस कुठला हेही कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचता वेचता तिनंच त्याला हे जंगल शिकवलं होतं.

"हे सगळं शिकलास कुठं रे?" बाईंनी विचारलं.

"ट्रेनिंगमधी, मॅडम."

साधनानं ओठ चावला.

नाल्यापाशी वाट फुटली. उजवीकडे त्यांच्या घरचा मोह होता. गावात ज्याचा मोह त्याचा, दुसरं कुणी त्याखाली टोपली घेऊन जात नाही. त्या पहिल्या उन्हाळ्यात दोघांना तिथं ढोलीत धनेश दिसला होता. मादीनं स्वतःला आत लिंपून घेतलं होतं, एवढीशी फट ठेवून, आणि नर फळं आणून तिला भरवत होता. वेचायचं सोडून दोघं ऊन डोक्यावर येईपर्यंत बघत बसले होते. अजूनही दर उन्हाळ्यात तिथं धनेशाचं घरटं असायचं.

"उजवीकडे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तिकडं काई नाई, मॅडम. चला."

काही नाही? साधनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं पदर खोचला. "आहे ना! या माह्यासंग, मी दाखवतो."

"साधना!" अंकुशनं हाक मारली. ती थांबली नाही. पाहुणे त्याला सोडून तिच्यामागं निघाले.

झाडाखाली मोबाइल वर झाले. ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली तशी बाई आनंदानं ओरडल्याच. "ताई, कमाल केलीत! अंकुशनं हे दाखवलंच नसतं. फोटो टाकते, पुढच्या शनिवारी आमचा अख्खा ग्रुप येईल बघा." साधनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नर चोचीत उंबर घेऊन आला. समोरच्या फांदीवर टेकला, खालची गर्दी बघितली आणि आल्या वाटेनं उडून गेला. फटीतली चोच थोडा वेळ तशीच उघडी राहिली.

अंकुश तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. तो रागावला असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. पण तो रागावला नव्हता.

"बाकी सारं वाटून टाकलो मी लोकायले," तो हळूच म्हणाला. "येवढं एक तुह्यासाठी राखून ठेवलो होतो."