टेप लावलेली पेटी

काउंटरवाल्याने खिशातून चाकू काढला आणि पेटीवरची टेप कापायला घेतली.

"अहो, काय करताय?" गॅरेजवाला म्हणाला. "आत जुना अल्टरनेटरच आहे. पेटीवर नंबर आहे की."

"पेटीवरचा वाचला. आतला वाचतो."

या दुकानातून पार्ट नेताना डिपॉझिट ठेवावं लागे. गाडीतून काढलेला जुना पार्ट त्याच पेटीत घालून परत आणला की डिपॉझिट परत मिळे. जुना पार्ट मग कारखान्यात जाई आणि दुरुस्त होऊन पुन्हा विकायला येई. सगळं विश्वासावर चालायचं. गॅरेजवाला मोठ्या गाडीचा जुना अल्टरनेटर बाहेर चांगल्या भावाने विकायचा. पेटीत कुठल्यातरी खटाऱ्याचा जळका अल्टरनेटर भरायचा, वजन जुळावं म्हणून मूठभर बोल्ट टाकायचा आणि टेप लावायचा. पेटी घेऊन दुकानात जायची त्याची बायको. ती वारल्यावर आज तो पहिल्यांदा स्वतः आला होता.

तिला पाठवायचं म्हणजे वैताग होता. पेटी देऊन यायला तिला अर्धा दिवस लागायचा. "दुकानात गप्पांचा फड जमतो का तुमचा?" तो विचारायचा. ती पैसे बाकावर ठेवायची, त्याच्या हातात कधी देत नसे. जेवायला वाढताना तिच्या हाताला वास यायचा. रॉकेलचा, आणि वर कसल्यातरी लिंबाच्या साबणाचा. तो ताट सरकवायचा. "दिवसभर मी तेलाच्या वासातच असतो. घरात तरी नको. टेप लावलेली पेटी न्यायला एवढे हात कसे बरबटतात तुझे?" ती उठून पुन्हा हात धुवायची. शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही तिच्या नखांच्या कडा काळ्या होत्या. नर्सला दिसू नयेत म्हणून त्याने तिचे हात चादरीखाली सरकवले होते.

काउंटरवाल्याने पेटी उलटी केली. जळका अल्टरनेटर काउंटरवर आदळला. मागोमाग बोल्ट पडले. मेलेल्या उंदराकडे बघावं तसं त्याने त्या ढिगाकडे बघितलं.

"चुकून आला असेल," गॅरेजवाला म्हणाला. "गॅरेजात ढीग पडलेला असतो."

"आणि हे बोल्टही चुकूनच?"

गॅरेजवाला हसला. "जाऊ द्या ना भाऊ. कारखानेवाले गब्बर आहेत. समुद्रातून तांब्याभर पाणी घेतलं तर कुणाचं काय जातं?"

"माझा पगार जातो. चुकीचा पार्ट तिथून परत येतो आणि भरपाई माझ्याकडून घेतात."

"मग इतकी वर्षं पेट्या बऱ्या गुपचूप घेतल्यात?" गॅरेजवाल्याने आवाज चढवला. रांगेतल्या माणसांना ऐकू जायला हवं होतं. "माझी बायको आणायची तेव्हा एक पेटी उघडली नाहीत. आज बिचारी राहिली नाही, तर मला चोर ठरवताय." बायकोचं नाव काढलं की लोक मऊ पडतात, हे त्याला हल्ली कळलं होतं. रांगेतल्या एकाने खरोखरच "च्च च्च" केलं.

काउंटरवाला मऊ पडला नाही. त्याने बोल्ट बोटांच्या टोकांनी एकेक उचलून पेटीत टाकले, जळका अल्टरनेटर टाकला आणि हात फडक्याला पुसले.

"पहिल्या काही सोडल्या तर तुमच्या घरून आलेली प्रत्येक पेटी इथे उघडली आहे," तो म्हणाला. "वहिनीच उघडायच्या."

"काहीतरीच काय?"

"या इकडे."

त्याने मागच्या खोलीचं दार ढकललं. आतला वास बाहेर आला, आणि गॅरेजवाला उंबऱ्यातच थांबला. रॉकेलचा वास, आणि वर लिंबाच्या साबणाचा. आत जुन्या पार्टांची रास होती. तिच्यापुढे रॉकेलचं घमेलं, झिजलेला ब्रश आणि एक बुटकं स्टूल. नळाखाली साबणाची वडी होती, झिजून पातळ झालेली.

"सुरुवातीला मी पेट्या न उघडता घेतल्या आणि मार खाल्ला," काउंटरवाला म्हणाला. "मग वहिनींना सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी इथे येऊन टेप सोडली, आतला कचरा भंगारात टाकला आणि पार्ट घासायला बसल्या. कारखान्यात पाठवण्याआधी घासावेच लागतात, आणि त्या कामाला कोणी टिकत नाही. दुकानाच्या मालकाला म्हणाल्या, डिपॉझिटएवढं काम करते, तेवढे पैसे द्या. पुढे दर पेटीला तसंच."

"खोटं. ती मला बोलली असती."

"मीही तेच म्हटलं होतं, नवऱ्याला सांगा म्हणून. तर म्हणाल्या, सांगून बघितलं, भाऊजी. ते हसले. समुद्र आणि तांब्याचं काहीतरी म्हणाले."

रांगेत आता कोणी च्च च्च करत नव्हतं. गॅरेजवाल्याने खिशातून पावती काढली, पुन्हा आत ठेवली. काय करावं ते न सुचून त्याने हात पुढे केला. तो पेटीकडे होता की पैशांकडे, हे त्यालाही कळलं नाही.

काउंटरवाल्याने त्या हाताकडे बघितलं. हात स्वच्छ होता, नखं कापलेली होती.

"डिपॉझिट हवं असेल तर मिळेल," तो म्हणाला. "स्टूल रिकामंच आहे."