फळाचं फूल

वसुंधरा सकाळी वाडीत आली, तेव्हा तिची मोठी जाऊ आशालता भोपळ्याच्या वेलावरची फुलं खुडत होती. वेल वसुंधराचा, पण अंगणाची वाटणी झाली आणि मांडव आशालताकडे गेला. वेलाला वाटणी कुठली कळायला? तो गेला आपला पसरत.

"फळाच्या फुलाला मी हात लावत नाही हं," आशालता मोठ्याने म्हणाली. वाटणीपासून बोलणं बंद होतं, म्हणून हे मांडवाला सांगितलं.

खोटं नव्हतं ते. मागे इवलासा भोपळा असलेली फुलं ती ठेवी आणि बाकीची, परागाची, सगळी भज्यांना नेई. पराग मिळाला नाही की इवले भोपळे पिवळे पडून गळत. शेतात वाढलेल्या बाईला हे ठाऊक नसेल? वसुंधराच्या अंगाचा तिळपापड होई.

उन्हाने वांग्यांनी केव्हाच माना टाकल्या होत्या, झेंडू करपला होता. वसुंधराला तिच्या नवऱ्याने, काशिनाथने बजावलं होतं, "रविवारपर्यंत एक तरी भोपळा धरलेला दाखव. नाहीतर वाडीत फरशी घालतो. स्कूटर तरी उभी राहील." आणि आज वेलावर फळाचं एकच फूल उमललं होतं.

आशालता पायरीवर सूप घेऊन बसली. कडू लागतो म्हणून फुलातला पिवळा दांडा उपटायचा आणि पायाशी टाकायचा.

वसुंधरा वाटणीची विटांची ओळ ओलांडून गेली. "वहिनी, एक दांडा द्या."

"पडलेत की. उचल."

आशालताने पाय हलवले नाहीत. वसुंधरा वाकली. जावेच्या पायांजवळच्या धुळीतून तिने एक दांडा उचलला, फुंकला आणि त्या फुलात अलगद फिरवला. बोटं पिवळी झाली. आता धरणार हा भोपळा, वाचणार वाडी. तिला हायसं वाटलं.

"वाटणीच्या दिवशी सासूबाईंनी सांगूनही माझ्या पाया पडली नव्हतीस," मागून आवाज आला. "आज वाकलीस ना? जा, उद्यापासून नाही तोडायची मी फुलं."

वसुंधराची कानशिलं तापली. तिने एकवार वाडीकडे पाहिलं. मग ते फूल मागच्या इवल्या भोपळ्यासकट खुडलं आणि जावेच्या सुपात टाकलं.

"हेही तळा," ती म्हणाली.