पाव कसा बनवला जातो

"आधी कर्त्याला घालवून द्या," बाई म्हणाल्या. "त्याच्या जागी कर्माला आणून बसवा. पुढे इज नाहीतर आर, आणि क्रियापदाचं तिसरं रूप. झालं पॅसिव्ह."

बाई भट्टीसमोर मैद्याच्या पोत्यावर बसल्या होत्या. शिकवणी एरवी त्यांच्या घरी असायची. आज फोन बेकरीवर येणार म्हणून व्याकरण बेकरीत आलं होतं.

"आय बेक द ब्रेड," बेकरीवाला म्हणाला.

"द ब्रेड इज बेक्ड."

"आणि मी?"

"तुम्ही गेलात."

"अहो बाई, भाजतो मी!"

"अगदीच जीव राहत नसेल तर वाक्याच्या शेपटाला लटकता येतं. पण शाळेच्या प्रोजेक्टात ते शोभत नाही. तिथं पाव बनवला जातो. कोण बनवतो, याची कुणाला पडलेली नसते."

त्यानं मान डोलावली. वाक्यातून जाण्यात त्याला फारसं नवल वाटलं नाही. मुलगी आईबरोबर परदेशी गेली तेव्हा नुकती बोलायला लागली होती. आता तिला बापाची भाषा येत नव्हती आणि बापाला तिची. रविवारी फोन व्हायचा. हाऊ आर यू, फाइन, संपलं. तेवढ्याला पुरून उरेल इतकं इंग्रजी तो कधीच शिकला होता. बोलायचं काय, हे बाईंच्या पुस्तकात नव्हतं. पण या आठवड्यात मुलीला शाळेतून विषय मिळाला होता, पाव कसा बनवला जातो, आणि मधल्या वारी फोन करते असं तिनं आपणहून कळवलं होतं.

फोन वाजला. त्यानं हात एप्रनला पुसले. कोरडेच होते.

"हाय पप्पा. माय बस इज कमिंग. क्विक, ओके?"

"ओके." त्यानं घसा खाकरला. "यीस्ट इज मिक्स्ड."

"ओके. नेक्स्ट?"

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरत होती. आपण बोलतो ते कुणी लिहून घेतंय, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. पीठ मळलं जातं. नेक्स्ट? झाकून ठेवलं जातं. नेक्स्ट? गोळे केले जातात, ट्रे आत सारले जातात.

"द ब्रेड इज बेक्ड," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की पाव झाला. इतक्या झटपट पाव त्याच्या हातून कधी झाला नव्हता.

"ग्रेट! थँक्स, प..."

"नो, नो, वेट! द ब्रेड इज..." त्यानं बाईंकडे पाहिलं.

उभ्या नोकरीत परीक्षेच्या वर्गात कुणाला कुजबुजू न देणाऱ्या बाई कुजबुजल्या, "कूल्ड."

पाव गार केला जातो. कापला जातो. कागदात गुंडाळला जातो, फळीवर मांडला जातो. पाव सरला तशा बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दुकानभर बोट दाखवत, शब्द पुरवत फिरू लागल्या. ट्रे घासले जातात. ओटा पुसला जातो. उंदरांचा पिंजरा लावला जातो. शटर ओढलं जातं.

पेन्सिल केव्हाच थांबली होती. मागून मुलीच्या आईचा आवाज आला, बसचा हॉर्न आला.

"लाइट्स आर स्विच्ड ऑफ," तो म्हणाला.

आता खरोखर काही उरलं नव्हतं. बाईंनी रिकामे हात पसरले. त्यानं फोन कानाशी घट्ट दाबला आणि तो बंद होण्याची वाट पाहू लागला.

पलीकडे दार उघडल्याचं ऐकू आलं. पावलं काही वाजली नाहीत.

"मग?" मुलगी म्हणाली.