सहावं सूप

गाठ पुन्हा सुटली आणि नारळ एसटीत पार ड्रायव्हरपर्यंत गडगडत गेला.

संस्कृती मांडीवर नारळ बांधायचा सराव करत होती. चिपळूण सुटल्यापासून ही तिसरी खेप. उद्या गणपती, आणि आज संध्याकाळपर्यंत मिरजोळ्याच्या घरी माटवी बांधायची होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट. तिला कवंडळांसारखी रानफळं, सुपारीचे घोस, नारळ बांधायचे. सासूबाईंचा, यमुनाबाईंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये. नवरा मुंबईहून येणार तो पहाटे. आणि संस्कृती पडली कोल्हापूरची. तिच्या माहेरी मखर बाजारातून यायचं.

तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. बारा वर्षांपूर्वी याच घरात ऐन आरतीत माटवीचा नारळ खाली पडला आणि दिवाळीच्या आत सासरे गेले. गाठ थोरल्या चुलतसासूबाईंनी मारली होती. यमुनाबाईंनी त्या दिवसापासून जावेचं तोंड पाहिलं नाही. जाऊ आपल्या लेकीकडे निघून गेली. कुठे, ते घरात कुणी विचारत नसे. नवऱ्याने हे सगळं संस्कृतीला सांगितलं होतं. कशाला सांगितलं कुणास ठाऊक.

नारळ हातोहात परत आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तो आपल्याच मांडीवर घेतला.

"पहिला गणपती काय गो?" तिने संस्कृतीच्या पायाशी ठेवलेल्या सुपांकडे बघत विचारलं. नव्या सुनेच्या ओवशाची सुपं ती. वाण भरून सासरच्या थोरल्या बायकांना द्यायची. यमुनाबाईंनी पाच मोजून सांगितली होती.

"हो. मिरजोळ्याला, सुर्व्यांकडे."

बाईने मांडीवरचा नारळ घट्ट धरला. मग म्हणाली, "आण तो सुंभ हिकडं."

तिने लगेच गाठ मारली नाही. आधी सबंध सुंभ बोटांतून ओढून बघितला, वीत वीत करत. मग शिकवलं. दोन वेढे, शेपूट आतून, वर आडवा पीळ. हातखंबा येईपर्यंत संस्कृतीला दहा वेळा बांधायला लावलं आणि दहा वेळा सोडायला.

"आता नाय पडायचा," म्हणाली आणि उतरून गेली. नाव विचारायचंसुद्धा राहिलं.

संध्याकाळी माटवी भरून झाली. यमुनाबाई तिच्याखाली येऊन उभ्या राहिल्या. डाव्या हाताने त्यांनी एक नारळ ओढून बघितला, मग गाठ चाचपली. हात तिथेच थांबला.

"ही गाठ कुणी शिकवली?"

"गाडीत एक बाई भेटल्या. हातखंब्याला उतरल्या."

"ही चिमाबायची गाठ. माझ्या थोरल्या जावेची. दुसऱ्या कुणाला येत नाय ती."

 ज्या गाठीने घरातला कर्ता माणूस नेला, तीच संस्कृतीने आपल्या हाताने गणपतीवर बांधली होती. एक नाही, अकरा. ती घाईघाईने स्टुलावर चढायला लागली.

"सोडते, आई. सगळ्या सोडते."

"राहू दे." यमुनाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "सुपं पाचच आणलीस ना? आणखी एक आण. चिमाबायला."

"पण आई, त्यांचीच गाठ सुटली होती ना तेव्हा?"

यमुनाबाईंनी उरलेला सुंभ डाव्या हाताने जवळ ओढला.

"गाठ नव्हती सुटली. सुंभ तुटला होता. आणि तो कुजका सुंभ मी काढून दिला होता."