व्यंकटीची तसबीर

“डोळे उघडे काढा, मास्तर. मिटल्या डोळ्यांची तसबीर घरात लावत न्हाईत,” सारजाबाई म्हणाली आणि चंद्रभानच्या हातातली पेन्सिल थांबली.

ओसरीत तिच्या लेकाला, व्यंकटीला, आंघोळ घालून निजवलं होतं. सकाळी मानवतच्या रस्त्याला कापसाची गाडी उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. चेहऱ्यावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता. अंगणात तिरडी बांधून झाली होती. दिवस मावळायच्या आत उचलायचं, असं चुलत्यांनी, माणिकरावांनी, सांगून टाकलं होतं. व्यंकटीने जन्मात कधी फोटो काढला नव्हता आणि फोटोवाला होता तो थेट परभणीला. म्हणून मानवतहून चंद्रभान पेंटरला सायकलवर डबलसीट बसवून आणलं होतं.

“सून पोटुशी हाय,” सारजाबाईने आल्या आल्या त्याचे हात धरले होते. “लेकराला बाप दाखवायचा हाय मला. दुसरं काय बी नगं.”

चंद्रभान पोटासाठी अडत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण पोलीस ॲक्शनच्या आधी तो हैदराबादेत चित्रकला शिकला होता आणि तिथे एका रशियन चित्रकाराच्या चित्रांचं पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं. नदीकाठाने दोर खांद्याला लावून नाव ओढणारी माणसं. फाटके कपडे, रापलेली तोंडं, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. त्या बाबाने म्हणे अख्खा उन्हाळा त्या माणसांत काढला होता. चंद्रभानच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही. देवांच्या तसबिरींची चांगली चालती कामं त्याने या हट्टापायी घालवली. देव कुठे पाहिलात, असं गिऱ्हाइकालाच विचारणाऱ्या पेंटरकडे कोण फिरकणार?

आता कागदावर कपाळ उतरलं होतं, नाक उतरलं होतं, मिशीची कोवळी रेघही उतरली होती. डोळ्यांची जागा तेवढी कोरी होती.

“मावशी, मी याला कधी पाहिलेलं नाही. डोळे कसे होते?”

“काळे. लय काळे.”

“घारे हायत गं,” व्यंकटीचा धाकटा भाऊ वाल्मीक म्हणाला.

“माणसाचे डोळे माणसावाणी असत्यात,” माणिकराव खेकसले. “काढ कसे बी. माणसं खोळंबलीत.”

चंद्रभानने काळे काढले. सारजाबाईने कागद जवळ घेतला आणि तिचा चेहराच पडला. “ह्यो माझा लेक न्हाई. ह्यो कुणी बी हाय.” त्याने खोडले, घारे काढले. वाल्मीकच नाही नाही म्हणू लागला. पुन्हा खोडले. कागदाला भोक पडायची वेळ आली. ऊन ओसरीतून अंगणात उतरलं होतं. चंद्रभान मनातून भ्याला होता. आपण चुकलो तर ते लेकरू जन्मभर परक्याच माणसाला बाप म्हणत राहील, एवढंच त्याला दिसत होतं.

“तुमच्या सुनेला विचारा,” तो म्हणाला.

चुलतसासऱ्यासमोर सुनेला नवऱ्याचे डोळे कसे होते ते विचारायचं! हैदराबादेत राहून आलेल्या माणसालाच हे सुचावं. माणिकराव तावातावाने उठले, पण सारजाबाईला आता कसली भीडभाड उरली नव्हती. तिने माजघराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. “दैवशाला, तू तर त्याची बायकू. सांग की गं.”

आतलं रडणं थांबलं.

“मला न्हाई ठावं, आत्याबाई,” आतून आवाज आला. “दिवसा पदर असायचा. मान वर करायची न्हाई म्हणून तुमीच सांगितलं व्हतं. रात्री दिवा इझवायला लावायच्या, घासलेट जळायलंय म्हणून. मी त्यांच्याकडं कदी धड बघितलंच न्हाई.”

सारजाबाई उंबऱ्यावर मटकन बसली. सुनेला तिनेच वळण लावलं होतं आणि गावभर त्याचा तोरा मिरवला होता. आता तिला रडताही येईना.

“चला, उचला,” माणिकराव म्हणाले. चौघे पुढे झाले. चंद्रभान कागद गुंडाळायला लागला. त्याला स्वतःचीच चीड आली होती.

तेवढ्यात दैवशाला बाहेर आली. एक हात पोटावर, एक भिंतीला. पुढे झालेल्यांना वाट द्यावीच लागली. ती व्यंकटीच्या उशाशी बसली आणि तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला.

“सूनबाई, पदर!” माणिकराव ओरडले.

तिने ऐकलं नाही. दोन्ही अंगठे तिने व्यंकटीच्या पापण्यांवर ठेवले. पापण्या ताठ झाल्या होत्या. तिने जोर लावला. बायकांत कुणीतरी किंचाळलं, वाल्मीकने तोंड फिरवलं. चंद्रभानने कागद पुन्हा पसरला.

दैवशाला खाली वाकून बघत होती. तिला नीट दिसेना. ओसरीच्या तोंडाशी सगळं गाव दाटीने उभं होतं.

“बाजूला सरका समदे,” ती म्हणाली. “उजेड येऊ द्या.”